कानाच्या मशीनची एक तक्रार

योगेंद्र चाफल्याने आयुष्यातली पहिली तक्रार केली ती काडीपेटीची. तेव्हा तो सातवीत होता. पेटीवर छापलेलं, आत काड्या पन्नास. यानं ओट्यावर पसरून मोजल्या तर त्रेचाळीस. दुसरी पेटी फोडली, चव्वेचाळीस. आपण असतो तर काय केलं असतं? चूल पेटवली असती आणि विसरलो असतो. या पठ्ठ्यानं पोस्टकार्ड आणलं आणि कंपनीला लिहिलं, की आपल्या काही काड्या आमच्या गावापर्यंत पोहोचल्या नाहीत, तरी वाटेत कुठे राहिल्या याची चौकशी व्हावी. महिन्याभरानं पोस्टमन खोकं घेऊन आला. आत बारा पेट्या आणि माफीचं पत्र! केळझरहून आत चार किलोमीटरवरचं ते गाव. तिथे कोणाची माफी कधी छापून आली नव्हती. वच्छलाबाईनं, म्हणजे त्याच्या मायनं, त्या पेट्या प्रसादासारख्या घरोघर वाटल्या. बाप पुंडलिकराव सुपारी कातरत म्हणाला, "तक्रार केल्यानं भेटते तं रोज एक करत जाजो बापा."

पोरानं ते मनावर घेतलं. नागपूरला जाऊन अर्थशास्त्र शिकला आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागला. गावाला वाटायचं अर्थशास्त्र म्हणजे बँकेत नोकरी. कोणी विचारलंच तर पुंडलिकरावाचं उत्तर ठरलेलं असे.

"योगेंद्र लोकाइले प्रश्न इचारते."

"अन् उत्तर?"

"ते लोकच देते."

"मंग याले पगार कायचा?"

यावर पुंडलिकराव गंभीर होऊन म्हणायचा, "लिहून घ्याचा."

पण त्या लिहून घेण्यानं एकतीस वर्षांत पुष्कळ कामं झाली. खताच्या पोत्यावरची अक्षरं शेतकऱ्याला वाचता येतील एवढी मोठी झाली. फवारणी पंपाचा पट्टा तुटतो, हे सरकारनं मान्य केलं. वस्तू विकत घेणारा गरीब माणूस फसतो कसा आणि फसल्यावर गप्प का बसतो, हा योगेंद्रचा विषय. त्यासाठी तो यष्टीनं समुद्रपूरपासून पार मेळघाटापर्यंत फिरला. समुद्रपूर तालुक्यात एकदा एका बाईला त्यानं विचारलं, "काकू, स्टोव्हबद्दल काही तक्रार आहे का?" बाई म्हणाली, "तक्रार काई नाई जी. फक्त भडकते." पदर जळलेला, भुवया जळलेल्या, आणि तक्रार नाही! शेजारच्या दुकानदाराकडचा स्टोव्ह, रोज त्याचं तोंड दिसतं, त्याला नाव कसं ठेवायचं? तेव्हापासून हाताखालच्या पोरांना त्याची ताकीद असे: तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं ज्यानं लिहिलं त्याचा कागद मी फाडीन. घरात जा, चुलीपाशी बसा, वस्तू वापरताना बघा, मग लिहा.

एवढं सांगायचं कारण असं, की शेवटी फाडायचा कागद निघाला तो त्याच्याच सहीचा.

झालं होतं असं. पाच-सहा वर्षांपूर्वी सरकारच्या एका योजनेत म्हाताऱ्या माणसांना कानाच्या मशीनी वाटायच्या होत्या. कोणती मशीन घ्यावी हे ठरवायचं काम योगेंद्रच्या संस्थेकडे आलं. त्यानं सात मशीनी तपासून घेतल्या आणि बंद खोलीत जी सगळ्यांत चांगली ठरली तिची शिफारस केली. सेलूला शिबिर झालं. त्याच्या गावातल्या अकरा जणांना मशीनी मिळाल्या, त्यात वच्छलाबाई एक. योगेंद्रनं स्वतःच्या हातानं मायच्या कानात मशीन बसवली. माय हसली. सारं शिबिर हसलं. फोटो निघाला.

मग आला करोना. मशीनी कशा चालतात हे गावोगाव फिरून बघायचं होतं, पण फिरणं बंद झालं. त्या वर्षी सारी दुनियाच फोनवरून पाहणी करत होती. संस्थेतल्या काजल नावाच्या पोरीनं सहाशे बारा घरी फोन लावले. शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी सांगितलं, मशीन बरोबर चालते. योगेंद्रनं अहवालात लिहिलं, 'तक्रारी नगण्य.' लिहिताना त्याला मायचा हसरा चेहरा आठवला होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

आता वच्छलाबाई काय चीज आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्या भावानं एकदा भाऊबीजेला हिंगणघाटहून जांभळं लुगडं आणलं. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे झाले. चार दिवस ती तशीच गावात फिरली. बाया हसल्या तर म्हणाली, "रंग पक्का हाये व माय. पाहा ना, अंगाचाही निघत नाई." घरच्या माणसानं प्रेमानं दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. वस्तूला नाव ठेवलं की देणाऱ्याला लागतं. पंचक्रोशीत हे सगळेच पाळतात, पण वच्छलाबाईएवढं कडक कोणी नाही.

योगेंद्र दर रविवारी मायला फोन करायचा. ती विचारायची, "जेवला का?" तो सांगायचा. "तिकडं थंडी हाये का?" तो सांगायचा. "तब्येतीले जपजो. ठेवतो मंग." उन्हाळा असला की थंडीच्या जागी ऊन. त्याला वाटायचं, वय झालं, माय थोडक्यात बोलायला लागली.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको रुचिका घर सोडून गेली. भांडण नाही, काही नाही. सव्वीस वर्षांनी तिनं बॅग भरली आणि म्हणाली, "तू जगाला प्रश्न विचारलेस, मला कधी विचारला नाहीस." योगेंद्रनं हे कोणाला सांगितलं नाही. थोरल्या भावाला, प्रेमदासला, सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं ते फक्त मायला, एका रविवारी फोनवर, रडत रडत. सगळं ऐकून माय म्हणाली, "बरं झालं बापा. जेवून घेजो."

या दोन वाक्यांवर त्या माणसानं दोन वर्षं काढली. बरं झालं, म्हणजे पोरीला मोकळी केलीस हे बरं केलंस. आणि जेवून घे, म्हणजे आपलं पुढचं आयुष्य जग. केवढा पोक्तपणा, चौथी शिकलेल्या बाईचा! रडू आलं की तो उठून खिचडी लावायचा.

मागच्या डिसेंबरात, नोकरी संपल्यावर, तो पंधरा दिवसांसाठी गावी आला. दुपारची वेळ. वहिनी नलू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. वच्छलाबाई भिंतीला पाठ टेकून पिशवीत कुरडया भरत होती.

"रुचिका काऊन नाई आली रे?" माय म्हणाली. "तिच्यासाठी कुरडया ठेवल्या म्या. लय आवडते तिले."

योगेंद्रला वाटलं, वयानं विसरली. "माय, तुले सांगतलं होतं ना मी फोनवर?"

मायनं त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं. "हो हो," ती म्हणाली, "जेवली मी."

तो उठून तिच्या बाजूला, जिथून ती त्याला बघू शकत नव्हती तिथे, गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "माय!" परत म्हणाला. अंगणातल्या कोंबड्या दचकून पळाल्या. माय कुरडया भरत राहिली.

"भाऊजी, काय नाटक करून राह्यले?" नलू म्हणाली. "मायले ऐकू येत नाई, हे तुमाले मालूम नाई का?"

"मशीन हाये ना कानात!"

"तुमी येनार असले का घालते. बाकी टाइम कपाटात. लावली का डोक्यात पिठाची चक्की चालते म्हने. पंखा, बकरी, टॅक्टर, सारं एकदम घुसते कानात."

"मंग पुण्याहून पाहणीचा फोन आलता तेव्हा?"

"आलता ना. पोरगी मोठी गोड बोलत होती. आजीची मशीन चालते का म्हने. म्या म्हटलं, चालते जी."

"मायच्या हाती फोन काऊन नाई देल्ला, वैनी?"

"घ्या!" नलू खो खो हसली. "बहिऱ्या मानसाच्या हाती फोन द्याले सांगते! तुमचा रविवारचा तेवढा हट्टानं घेते ते. एवढे शिकलेले तुमी भाऊजी, अन्..."

पुढचं तिच्या तोंडात राहिलं, कारण योगेंद्र अंगणातच खाली बसला होता. ऐकू न येणाऱ्या माणसांची पाहणी आपण फोनवर केली. सहाशे बारा फोन, आणि ते उचलले पोरांनी, सुनांनी, नातवंडांनी. जिच्या कानाबद्दल विचारायचं तिला कोणी विचारलंच नाही. एकतीस वर्षांत अशी चूक दुसऱ्या कोणी केली असती, तर त्यानं तिच्यावर व्याख्यान दिलं असतं. आणि त्याच्या तळाशी दुसरं एक दुःख सरकत आलं, ते नलूला सांगता येण्यासारखं नव्हतं. 'बरं झालं बापा,' हे त्याला कोणी म्हटलंच नव्हतं.

दोन दिवस त्यानं धड अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला, तर कळलं की त्याच मशीनींची दुसरी खेप संक्रांतीनंतर आणखी तीन जिल्ह्यांत वाटली जाणार आहे. आधार कशाचा? त्याच्याच अहवालाचा. त्यानं खात्याला पत्र लिहिलं, माझा अहवाल चुकीचा आहे. उत्तर लवकर आलं, तेवढं मात्र सरकारचं कौतुक. मशीन प्रयोगशाळेत उत्तीर्ण आहे. वापरणाऱ्याची तक्रार नोंद नाही. निदान एका लाभार्थ्यानं समितीसमोर प्रत्यक्ष सांगितलं, तर वाटप थांबवून फेरतपासणी करता येईल. गुरुवारी समिती गावात येईल.

म्हणजे एक तक्रार पाहिजे होती. फक्त एक. आयुष्यभर ज्यानं लोकांच्या तोंडून तक्रारी काढल्या, त्याला आपल्याच गावात एक माणूस शोधायचा होता.

अकरांतले दोघं वारले होते. योगेंद्र बाकीच्यांच्या घरी गेला. मनकर्णाबाईची मशीन देव्हाऱ्यात, हळदीकुंकू वाहिलेली. "सरकारनं देल्ली, तुह्या हातून देल्ली. कानात घालून मळवू कायले?" रूपरावांच्या घरी तर गंमतच. त्यांची मशीन शिटी मारायची. कानात घातली की कूंऽऽ. मग त्यांनी ती एका डब्यात घालून ज्वारीच्या वावरात माळ्यावर टांगली. पोपट म्हणून फिरकेना.

"रूपरावकाका, हेच समितीले सांगा ना!" योगेंद्र त्यांच्या कानाशी ओरडला.

"काय सांगू?"

"मशीन खराब हाये म्हनून!"

"खराब?" रूपराव दुखावले. "अबे, एक दाना नाई गेला यंदा पोपटाच्या पोटात. अशी मशीन भेटन का?"

घरी आल्यावर प्रेमदासनं त्याला समजावलं. "फालतू फिरून राह्यला तू. गावात तिले सरकारची मशीन कोनी म्हनत नाई. 'योगेंद्रची मशीन' म्हनते. तिले खराब म्हनाचं म्हंजे तुले खराब म्हनाचं. कोन म्हनन?"

राहिली माय.

बुधवारी सकाळी तो तिच्या समोर बसला. कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सोडत, हातवारे करत त्यानं तासभर समजावलं. मशीन नीट चालत नाही. आणखी हजारो म्हाताऱ्यांना तीच देणार आहेत. उद्या साहेब लोक येतील. तू फक्त खरं सांगायचं, ऐकू येत नाही म्हणून.

मायनं सगळं लक्ष देऊन घेतलं. मग विचारलं, "हे मशीन पास कोनं केली?"

खरं तर इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सरकारनं. पण योगेंद्रला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं छातीवर बोट ठेवलं. "म्या."

"मंग खराब निघाली तं बोलनं कोनाले बसन?"

"मलेच. बसू दे, माय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पिकलेल्या केसांकडे, सुजलेल्या डोळ्यांकडे. मग म्हणाली, "बरं."

योगेंद्र हलका होऊन उठला. दारातून ऐकणारी नलू मात्र म्हणाली, "भाऊजी, तुमचं नाव सांगाले नाई पाह्यजे होतं." त्यानं ते मनावर घेतलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोर जीप थांबली. समितीत तिघं, मुख्य हर्षा मॅडम; चाळिशीची, शांत बाई. तिनं योगेंद्रचे जुने लेख वाचले होते. आत येताच म्हणाली, "सर, एक बयान द्या मला. बाकीचं मी बघते." खोलीत अर्धा गाव जमलेला. वच्छलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, कानात मशीन घालून आली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. सहा वर्षं ती जिथे जाईल तिथे अशीच बसत होती. पाठीमागून कोणी बोलायला जागाच ठेवायची नाही. योगेंद्रला हे आत्ता, त्या क्षणी उमगलं.

"आजी," हर्षा मॅडम समोर बसून म्हणाली, "मशीन लावून ऐकू येतं का?"

वच्छलाबाईनं तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. "येते ना. खनखनीत ऐकू येते."

खोलीत कुजबुज झाली. योगेंद्र पुढे सरकला. "माय, खरं सांग. काल आपलं बोलनं झालं ना?"

"खरंच सांगून राह्यली. माह्या पोरानं पाहून-पारखून देल्ली मशीन. खराब कशी राहीन?"

हर्षा मॅडम हुशार. तिनं फाईल उचलून तोंडासमोर धरली आणि तिच्या आडून विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?"

"वच्छला पुंडलिक चाफले," माय ठणकावून म्हणाली.

"वय?"

"ब्याऐंशी."

गावानं टाळ्या वाजवल्या. रूपरावही वाजवत होते, कशासाठी ते माहीत नसताना. योगेंद्रनं मात्र टाळी वाजवली नाही, कारण खोलीत त्याला एकट्यालाच कळलं होतं. दवाखाना असो, बँक असो, शिबिर असो, कागद घेऊन बसलेला माणूस पहिल्यांदा नाव विचारतो आणि मग वय. माय ऐकत नव्हती. तिला ओळ पाठ होती. जशी रविवारच्या फोनची पाठ होती.

आता एवढंच करायचं होतं. मॅडमला सांगायचं, तोंड झाकूनच तिसरा प्रश्न वेगळा विचारा. आज कोणती भाजी केली, एवढंच विचारा. माय म्हणेल, 'राहनार याच गावची,' आणि सगळं उघडं पडेल. वाटप थांबेल. तीन जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्यांची चक्की सुटेल. एका वाक्याचं काम.

त्यानं तोंड उघडलं.

मायची नजर फाईलवरून हटली आणि त्याच्या ओठांवर आली. साऱ्या खोलीत ती फक्त त्याच्याच ओठांकडे बघत होती. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, डिसेंबरच्या थंडीत. आपण कुठे चुकलो तर पोराचं काय होईल, याचा तो घाम होता. आणि आजूबाजूला अख्खं गाव, जे थोड्याच वेळात हसलं असतं. वाईट हेतूनं नाही. आपण हसतो तसंच.

योगेंद्रनं तोंड मिटलं.

त्याचं उघडून मिटलेलं तोंड हर्षा मॅडमनं पाहिलं. मग फाईल खाली ठेवून हळूच म्हणाली, "सर, मला कळतंय. पण मी लिहू काय?"

"त्या म्हणाल्या तेच लिहा," योगेंद्र म्हणाला.

तिनं लिहिलं, 'लाभार्थी समाधानी.' वच्छलाबाईनं चौथीतल्या वळणदार अक्षरात सही केली. संक्रांतीनंतर ठरल्याप्रमाणे मशीनी वाटल्या गेल्या, फोटो छापून आले. योगेंद्रनं आपला अहवाल मागे घेतल्याचं पत्र तिथे पाठवलं, इथे पाठवलं. पोच आली. फेब्रुवारीपासून तो वही घेऊन त्या तीन जिल्ह्यांत घरोघर फिरतो आहे, स्वतःच्या खर्चानं, आणि प्रत्येक दारात म्हातारं माणूस त्याच्या ओठांकडे बघून मान डोलावतं.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी जीप गेली, लोक पांगले आणि मायलेक घराकडे निघाले. दारात पोहोचल्यावर वच्छलाबाईनं कानातली मशीन काढून त्याच्या हातावर ठेवली. आधी मागे कोणी नाही हे पाहिलं. मग त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला, म्हणजे उत्तर नीट दिसावं.

"बरोबर सांगतलं ना म्या?" तिनं विचारलं. "आता तुह्यावर काही नाई ना येनार?"

योगेंद्रनं मान हलवली. नाही येणार. मग तिला दिसेल असं, ओठ पूर्ण उघडून, तो म्हणाला, "बरोबर सांगतलं, माय."

ती खूश झाली आणि पोरासाठी ताट वाढायला आत गेली.